वॉल्व्ह प्रवाह कसा आवरतो आणि कसा वाढवतो: चोपन्न व्होल्टांत, टेबलावर मोजून बघायची पद्धत

माळ्यावरचा जुना रेडिओ खाली काढायचा, प्लग लावायचा आणि आत काय चाललंय ते बघायचं, अशी सुरुवात बरेच जण करतात. ही सुरुवात चुकीची आहे. त्या चासीत (धातूच्या सांगाड्यात) अडीचशे व्होल्ट डीसी खेळत असतं आणि वॉल्व्ह, म्हणजे आतली हवा काढलेली काचेची नळी, काय करतो हे माहीत नसताना त्यात बोट घालणं परवडत नाही. त्याआधी एक सुटा वॉल्व्ह, सहा बॅटऱ्या आणि एक मीटर एवढ्यावर सगळी तत्त्वं हाताने मोजता येतात. दोन संध्याकाळी पुरतात. रेडिओ शेवटच्या पायरीला येईल.

हा लेख सांगली-मिरज, सातारा-कराडकडच्या वाचकांना धरून लिहिला आहे. सामान कुठे मिळतं, वीज कशी येते आणि मिरजेच्या तंबोऱ्यावर हे कसं वापरायचं, ते त्यामुळे ओघात येईल.

१. सामान गोळा करा

- वॉल्व्ह: ईसीसी ८२. याचंच अमेरिकन नाव १२ एयू ७. एकाच काचेत दोन ट्रायोड (प्लेट, ग्रिड आणि कॅथोड अशा तीन भागांचे वॉल्व्ह) असतात, आपल्याला एकच लागतो.
- नऊ पिनांचा नोव्हल सॉकेट, शक्यतो चिनी मातीचा
- नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या सहा, साध्या पेन्सिल सेलचे दोन नग आणि त्यांचा होल्डर
- १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर (सीसीटीव्हीला लावतात तो चालतो)
- रेझिस्टन्स: १०० ओहम, १ किलोओहम, १.२ किलोओहम, २२ किलोओहम, १ मेगओहम
- १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल
- कंडेन्सर: ०.१ आणि १ मायक्रोफॅरड (दोन्ही पॉलिस्टर, निदान १०० व्होल्टचे), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट
- डिजिटल मीटर, सोल्डरिंग आयर्न, थोडी तार

वॉल्व्ह सोडून बाकी सगळं सांगली-साताऱ्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतं. वॉल्व्हसाठी आधी जुन्या रेडिओ मेकॅनिककडे चौकशी करा. ज्यांनी मंडपाचे जुने अँप्लिफायर दुरुस्त केले आहेत, त्यांच्या डब्यात ईसीसी ८२ किंवा ८३ सापडण्याची शक्यता असते. नाहीतर पुण्यात बुधवार पेठ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने आपल्याकडे वॉल्व्ह बनवले आहेत, बीईएलचा शिक्का दिसला तर माल हलका समजू नका.

घेताना तीन गोष्टी बघा. काचेच्या आत, बहुतेक वेळा डोक्याकडे, चंदेरी आरशासारखा डाग असतो. त्याला गेटर म्हणतात, उरलासुरला वायू शोषायला तो लावलेला असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, वॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसरं, पिन ४ आणि ५ मध्ये मीटरने सातत्य तपासा. हीटर तुटला असेल तर इथेच कळतं. थंड हीटरचा रेझिस्टन्स तापलेल्यापेक्षा खूपच कमी असतो, त्यामुळे १२.६ भागिले ०.१५ म्हणजे ८४ ओहम दिसायला हवेत, असा हिशेब करून चांगला वॉल्व्ह परत करू नका.

तिसरी गोष्ट नंबराची. ईसीसी ८३ याच सॉकेटात बसतो, त्याच्या पिनाही त्याच, हीटरही तोच. पण चोपन्न व्होल्टांना तो इतका कमी प्रवाह देतो की नवख्याला तो मेलेलाच वाटतो. ईसीसी ८५ आणि ईसीसी ८८ तर घातच करतात. दिसायला सारखे, सॉकेट तोच, पण पिन ४ आणि ५ वर त्यांना ६.३ व्होल्ट लागतात. तिथे बारा दिले की हीटर गेला. काचेवरची अक्षरं पुसट झाली असतील तर बोटाने चोळू नका, उरलीसुरलीही जातील. तोंडाची वाफ देऊन तिरक्या उजेडात वाचा.

२. पिना मोजा आणि हीटर पेटवा

पिना नेहमी खालून मोजायच्या. वॉल्व्ह उलटा धरा, पिना तुमच्याकडे. जिथे दोन पिनांमध्ये मोठी फट आहे तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने १ ते ९. सॉकेटलाही तसंच, डाग देतो (सोल्डर करतो) त्या बाजूने. वरून मोजलं की सगळं आरशातल्यासारखं उलटतं. नवीन माणसाची पहिली जोडणी चालत नाही, त्यात हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.

आपल्या ट्रायोडची प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा पत्रा) पिन १, ग्रिड (मधली तारेची जाळी) पिन २, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारी नळी) पिन ३. हीटर ४ आणि ५. पिन ९ हा हीटरचा मधला टोक, तो मोकळा ठेवा. ६, ७, ८ हा दुसरा ट्रायोड, त्यालाही हात लावू नका.

सॉकेटला डाग देऊन झाल्यावरच वॉल्व्ह बसवा. पिन वाकडी असेल तर आधी चिमट्याने हलकेच सरळ करा. जोर लावला तर पिन काचेत शिरते तिथे तडा जातो आणि तो तडा लगेच दिसतही नाही.

अडॅप्टर ४ आणि ५ ला लावा. हीटर १२.६ व्होल्टचा आहे, १२ ने काही बिघडत नाही. प्रवाह दीडशे मिलिअँपिअर. अडॅप्टर तरीही १ अँपिअरचा सांगितला, कारण थंड हीटर पहिल्या क्षणी कितीतरी जास्त ओढतो आणि लहान अडॅप्टर तिथेच बसकण मारतो. अर्ध्या मिनिटात दिवा मालवून बघा: वरच्या अभ्रकाच्या चकतीपाशी, कॅथोडच्या नळीच्या तोंडाशी नारिंगी ठिपका दिसेल. त्या बारीक निकेलच्या नळीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. सातशे-आठशे अंश सेल्सिअसला त्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. हीटर नळीच्या आत असतो, पण तिला विजेने जोडलेला नसतो. त्याचं काम फक्त तापवणं.

३. आधी ग्रिड विसरून जा: एकेरी रस्ता

नऊ व्होल्टच्या बॅटऱ्यांची टोकं एकमेकीत अडकतात. एकीचं अधिक दुसरीच्या उणेला, अशा सहा जोडल्या की ५४ व्होल्ट. नव्या असतील तर मीटर ५७ च्या आसपास दाखवेल. हे व्होल्टेज जीवघेणं धरत नाहीत, तरी ओल्या हाताने माळेच्या दोन्ही टोकांना शिवायचं नाही आणि लहान मुलांच्या हाती ती द्यायची नाही. माळेची टोकं एकमेकांना टेकली तर बॅटऱ्या तापतात, म्हणून पिशवीत सुटी टाकू नका.

माळेचं अधिक टोक पिन १ ला. उणे टोक १०० ओहमच्या रेझिस्टन्समधून पिन ३ ला. पिन २ तात्पुरती पिन ३ ला जोडून टाका. अडॅप्टरचं उणे टोकही पिन ३ ला जोडा, म्हणजे हीटर अधांतरी राहत नाही.

मीटर मिलिअँपिअरवर लावायचा नाही. १०० ओहमच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजायचे. १०० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर, एवढा साधा हिशेब. मीटर अँपिअरच्या भोकात राहिला आणि तसाच व्होल्टेज मोजायला लावला की आतला फ्यूज जातो. मग पुढचे सगळे प्रवाह शून्य दिसतात आणि दोष वॉल्व्हच्या माथी येतो. ही भानगडच नको.

आता दोन, चार, सहा बॅटऱ्या अशा क्रमाने वाचनं घ्या. ढोबळमानाने १८ व्होल्टांना ०.९, ३६ ला अडीच आणि ५४ ला साडेचार मिलिअँपिअर यावेत. तुमचा वॉल्व्ह जुना असेल तर आकडे कमी येतील, पण चाल तीच राहील. १८ चे ३६ केले तेव्हा प्रवाह दुप्पट झाला नाही, पावणेतीन पटीच्या जवळ गेला. साध्या रेझिस्टन्समध्ये तो बरोबर दुप्पट झाला असता. कारण असं, की कॅथोडमधून सुटलेले सगळेच इलेक्ट्रॉन प्लेटपर्यंत पोचत नाहीत. ते कॅथोडभोवती घोळका करून राहतात, आणि ऋणभाराचा तो घोळका मागून येणाऱ्यांना परत ढकलतो. प्लेटचं व्होल्टेज चढलं की घोळका पातळ होतो. प्रवाह व्होल्टेजच्या दीड घाताने वाढतो, तो याच कारणाने.

माळ उलटी लावा, प्लेटला उणे. मीटर शून्यावर. प्लेट थंड आहे, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. एकाच दिशेने वाट देणारा हा गुण जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये रेडिओलहरी पकडायला वापरला. माळ पुन्हा सरळ करा आणि अडॅप्टर काढून घ्या. प्रवाह दिव्यासारखा पटकन जात नाही. कॅथोड निवत जातो तसा मीटरचा आकडा काही सेकंद रेंगाळत खाली येतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हीटरचं काम काय, ते पुन्हा सांगावं लागत नाही.

४. आता ग्रिड: खरी गंमत इथे आहे

कॅथोड आणि प्लेटच्या मध्ये, पण कॅथोडला अगदी खेटून, बारीक तारेचं वेटोळं असतं. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमाराला ही तिसरी तार घातली आणि वॉल्व्हला प्रवाह आवरता येऊ लागला.

पिन २ आणि ३ ची जोडणी सोडा. दोन पेन्सिल सेल एकामागे एक, म्हणजे ३ व्होल्ट. त्यांची दोन टोकं व्हॉल्यूम कंट्रोलच्या बाहेरच्या दोन पायांना. सेलचं अधिक टोक पिन ३ ला. मधला पाय १ किलोओहममधून पिन २ ला. कंट्रोल फिरवला की ग्रिड कॅथोडच्या मानाने ० ते उणे ३ व्होल्ट जाते. सेल उलटे लागले तर ग्रिड अधिक होते आणि स्वतःच इलेक्ट्रॉन ओढायला लागते. त्या एक किलोओहममुळे मोडतोड होत नाही, पण वाचनं सगळी फसतात.

सहाही बॅटऱ्या ठेवून मोजा:

ग्रिड ० व्होल्ट: साडेचार मिलिअँपिअर
उणे १: सव्वादोन ते अडीच
उणे २: पाऊणच्या जवळ
उणे ३: जवळजवळ काहीच नाही

दोन पेन्सिल सेलांनी सहा बॅटऱ्यांची वाट बंद केली. आणि त्या सेलांमधून ग्रिडकडे किती प्रवाह गेला? मोजण्याजोगा नाहीच. ग्रिड उणे असल्यामुळे ती इलेक्ट्रॉनना फक्त लोटते, पकडत नाही. खोडशीच्या बंधाऱ्यावरून येणाऱ्या कृष्णा कालव्यात पाणी भरपूर असलं तरी चारीत किती सोडायचं ते दारावरचा माणूस ठरवतो, पाणी त्याच्या घरचं नसतं. फरक इतकाच, की दार फिरवायला जोर लागतो, ग्रिडला तोही लागत नाही.

आता या लेखातलं सगळ्यात मोलाचं मोजमाप. ग्रिड उणे १ वर ठेवून सहा बॅटऱ्यांना आलेला आकडा लिहून ठेवा. मग ग्रिड शून्यावर आणा आणि बॅटऱ्या एकेक कमी करत तोच प्रवाह परत मिळवा. चार बॅटऱ्यांपाशी, म्हणजे ३६ व्होल्टांपाशी, तो मिळेल. ग्रिडवरचा एक व्होल्ट प्लेटवरच्या अठरा-वीस व्होल्टांच्या तोडीचा आहे, हे तुम्ही आत्ता मोजलंत. यालाच वर्धनांक म्हणतात. ईसीसी ८२ च्या छापील पत्रकात तो १७ ते १९.५ आढळतो, ईसीसी ८३ चा १००. ग्रिड कॅथोडच्या जितकी जवळ आणि तार जितकी दाट, तितका हा आकडा मोठा.

५. प्रवाहाचं व्होल्टेज करा

इथपर्यंत प्रवाह आवरला, वाढवलेलं काहीच नाही. वॉल्व्ह आत कुठेतरी आवाज मोठा करतो हा गैरसमज इथे सोडून द्यायचा. वॉल्व्ह बॅटरीचा प्रवाह कमी-जास्त करतो, बस्स. तो बदल व्होल्टेज म्हणून दिसतो बाहेरच्या रेझिस्टन्सवर.

माळेचं अधिक टोक आणि पिन १ यांच्यामध्ये २२ किलोओहम घाला. आता पिन ३ आणि पिन १ मध्ये व्होल्टेज मोजा. ग्रिड उणे २ असताना प्लेटवर ४७-४८ व्होल्ट, उणे १ ला ३६ ते ३७, शून्याला २४ च्या आसपास. ग्रिड दोन व्होल्ट हलली, प्लेट चोवीसेक व्होल्ट हलली. बारा पट वाढ. ग्रिड वर जाते तेव्हा प्लेट खाली येते, हेही टिपून ठेवा. वर्धनांक एकोणीस असून वाढ बाराच का? कारण वॉल्व्हचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स या प्रवाहाला १४ किलोओहमच्या घरात आहे आणि तो आपला वाटा खातो: १९.५ गुणिले २२, भागिले ३६.

रेझिस्टन्स २२ चा १०० केला तर वाढ फुकटात मिळेल का? थोडी मिळेल. पण प्रवाह इतका उतरतो की पुढचं यंत्र जोडताच ती वाढ त्याच्या घशात जाते. हे आठव्या पायरीला पुन्हा येईल.

६. पेन्सिल सेल काढून टाका

ग्रिडला कायम एक व्होल्ट उणे ठेवायला दरवेळी सेल कोण लावणार? ग्रिड खाली ओढण्याऐवजी कॅथोड वर उचलायचा. पिन ३ आणि उणे टोक यांच्यात १०० ओहमच्या जागी १.२ किलोओहम लावा. ०.८ मिलिअँपिअर त्यातून गेला की त्यावर एक व्होल्टच्या जवळ पडतं. पिन २ एक मेगओहममधून उणे टोकाला बांधा. ग्रिड शून्यावर, कॅथोड अधिक एकवर, म्हणजे ग्रिड कॅथोडच्या मानाने उणे एक. वॉल्व्ह जास्त ओढायला लागला तर कॅथोड आणखी वर जातो आणि स्वतःलाच आवरतो. अडॅप्टरचं उणे आता पिन ३ वरून काढून उणे टोकाला न्या.

मेख अशी, की ही आवराआवर आवाजाच्या बदलांनाही लागू पडते आणि वाढ बारावरून सातवर येते. म्हणून १.२ किलोओहमला समांतर १०० मायक्रोफॅरड लावा, अधिक पाय पिन ३ कडे. उलटा लावला तर तो हळूहळू गळायला लागतो.

ग्रिडचा मेगओहम विसरू नका. ग्रिड मोकळी लोंबकळत राहिली की वॉल्व्ह मनाला येईल तिकडे जातो. आणि इथे ग्रिडवर मीटर टेकवून नाटकं करू नका, बायस (ग्रिडला दिलेलं हे कायमचं उणे व्होल्टेज) कॅथोडवरच मोजा. मीटरची तार ग्रिडला लागली की ती अँटेना होते.

७. मिरजेचा उपयोग: तंबोऱ्याचा पिकअप

मोबाइलचं गाणं यातून वाजवून बघण्यात अर्थ नाही, मोबाइलचा आवाज आधीच पुरेसा असतो. ग्रिडचं खरं बळ दुबळ्या स्रोतापाशी दिसतं. २७ मिलिमीटरची पिझो चकती (कंपनांची वीज करणारी) घ्या, दुहेरी चिकटपट्टीने तंबोऱ्याच्या तबलीवर घोडीजवळ लावा. वाद्य कारागिराकडचं असेल तर पॉलिशबद्दल आधी विचारा, पट्टी काढताना चकाकी निघते.

अशी चकती विजेच्या नजरेने वीसेक नॅनोफॅरडचा कंडेन्सर असते. ती थेट अँप्लिफायरच्या १० किलोओहमच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या भोकाला) जोडली तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. खर्ज गेला, उरली नुसती तारेची किणकिण. आपल्या मेगओहमवर तीच हद्द ८ हर्ट्झपर्यंत खाली जाते. चकती पिन २ आणि उणे टोकात, जाळीच्या तारेने, जाळी उणेला. तार हातभरापेक्षा लांब नको.

आउटपुट पिन १ वरून १ मायक्रोफॅरडमधून घ्या. हा कंडेन्सर प्लेटचे छत्तीस व्होल्ट अडवतो, तो विसरलात तर अँप्लिफायरचं ऑक्स धोक्यात. पुढचं यंत्र ४७ किलोओहम किंवा जास्त घेणारं असेल तर ०.१ पुरतो. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवूनच वॉल्व्ह पेटवा, तापताना धप्प असा दणका येतो.

किणकिणाट येत असेल तर वॉल्व्हवर नखाने टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर आतली ग्रिड सैल आहे, तो वॉल्व्ह अशा दुबळ्या आवाजाच्या पहिल्या टप्प्याला नको. बारीक शिट्टी येत असेल तर दोष अडॅप्टरचा. त्याऐवजी यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी लावा. हिशेबाने चाळीसेक तास चालते आणि लाइट गेली तरी फिकीर नाही.

८. थेट स्पीकर का नाही

ऑक्सला १० किलोओहम असले तरी वाढ बारावरून साडेसहावर उतरते. स्पीकर तर ८ ओहमचा. तो प्लेटवर लावला की काहीच उरत नाही. म्हणून रेडिओत शेवटी ईएल ८४ सारखा जास्त प्रवाहाचा वॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ईएल ८४ ला ५.२ किलोओहमचा भार हवा, तो ८ ओहमला जुळवायला ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण सुमारे साडेपंचवीसास एक लागतं.

९. आता जुना रेडिओ उघडा, पण प्लग लावण्याआधी

वॉल्व्हांची नावं वाचा. युरोपी पद्धतीत पहिलं अक्षर हीटर सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट. डी म्हणजे बॅटरीवरचे सेट, वीज यायच्या आधी गावोगाव होते ते. यू असेल तर थांबा. यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५ असे वॉल्व्ह म्हणजे हीटर एकामागे एक, शंभर मिलिअँपिअरवर. अशा बहुतेक सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खी चासी २३० व्होल्टवर. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेट मेन्सपासून विजेने वेगळा ठेवणारा) हाताशी नसेल तर या सेटला हात लावू नका.

पाठीमागे व्होल्टेज निवडायची चकती असेल तर ती २०० किंवा २२० वर पडून राहिलेली असते. आपल्याकडे रात्री लोड उतरला की व्होल्टेज चढतं. २२० च्या टॅपला २४५ आले की ६.३ चा हीटर ७ व्होल्टांवर जातो. दहा टक्क्यांची सूट धरली तरी ६.९ च्या वर नको. चकती २४० किंवा २४५ वर न्या.

२०१९ च्या पुरात भिजलेला सेट असेल तर ट्रान्सफॉर्मर आठवडाभर उन्हात आणि मग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर). वाइंडिंग ते गाभा एक मेगओहमही भरत नसेल तर प्लग लावायचा नाही. पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसाळी घरातून आलेल्या सेटलाही हाच नियम.

बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर (डीसी सपाट करणारा मोठा कंडेन्सर) १० किलोओहम ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून दहा सेकंद उतरवा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची जुनी सवय कंडेन्सरला आणि डोळ्यांना, दोघांनाही वाईट.

आणि सगळ्यात आधी बदलायचा तो आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कागदी कंडेन्सर. तो मागच्या प्लेटचं डीसी अडवतो. जुना झाला की गळतो, ग्रिड अधिक होते, आणि चौथ्या पायरीत तुम्ही मोजलं तेच उलट घडतं: प्रवाह बेफाम वाढतो, ईएल ८४ ची प्लेट लाल होते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. ०.०२२ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा पॉलिस्टर लावा. चालू केल्यावर ईएल ८४ च्या पिन २ वर चासीच्या मानाने शून्य आणि पिन ३ वर सातेक व्होल्ट दिसायला हवेत. पिन २ वर अर्धा व्होल्ट जरी अधिक आला तरी लगेच बंद करा. नवा कंडेन्सर असूनही तो येत असेल तर त्या ईएल ८४ मध्ये वायू झाला आहे, वॉल्व्हच बदलावा लागेल.